फराळाच्या डब्यावरचं सैन्य

घरात एक माणूस काळजी करणारा असला की किस्से आपोआप साठतात. बाकीच्यांच्या काही लक्षात राहत नाही. ज्याला घाम फुटतो त्यालाच सगळं आठवतं! आमच्या डोंबिवलीच्या घरात ते खातं माझ्याकडे. बायको म्हणते, "तुम्ही काळजी करायची एक संधी सोडत नाही." आता पोटच्या मुलीने घरात ड्रॅगन पाळल्यावर बापाने काय करावं, तुम्हीच सांगा.

केतकी आमची एकुलती एक. ठाण्यात आयटीतली चांगली नोकरी, एसी ऑफिस, न्यायला-आणायला गाडी. एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "बाबा, मी राजीनामा दिला."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मग आता करणार काय?"

"ऑर्केस्ट्रा."

माझ्या डोळ्यांसमोर गणपतीतलं स्टेज आणि चमचम कोट! म्हटलं, "अगं, तुला गाता कुठे येतं?"

मग तिने नीट समजावलं. किल्ले, जादूगार, ड्रॅगनवाले गेम असतात ना, त्यांच्यामागे भव्य संगीत लागतं, शंभरेक वादकांचं. पण वादक कुणीच नसतो. व्हायोलिनचा, तुतारीचा, ढोलाचा एकेक सूर कुणीतरी परदेशात आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. तो विकत घ्यायचा आणि बेडरूममध्ये बसून छोट्या कीबोर्डवर अख्खा ऑर्केस्ट्रा उभा करायचा.

"आणि नाही जमलं तर?"

"दिवाळीपर्यंत एक मोठं काम नाही मिळालं तर परत नोकरी. प्रॉमिस."

माझी बोटं टेबलावर वाजायला लागली. जुनी सवय. काळजी लागली की समोर असेल त्यावर टकटक, टक, टकटक. मधलं बोट एकदा ड्रॉवरमध्ये चेमटलेलं, ते जरा मागून येतं. कोलशेतच्या कंपनीत अकाउंट्सला होतो, तेव्हा ऑडिट आलं की शेजारचे लोक टेबल बदलून बसायचे.

बायको आतून म्हणाली, "झालं सुरू!"

*

आता हे सगळं काम चालतं हेडफोन लावून. म्हणजे घरात शंभर माणसांचा ऑर्केस्ट्रा, आणि आम्हाला ऐकू काय येतं? पंखा!

एका दुपारी तिच्या खोलीत डोकावलो. केतकीचे डोळे मिटलेले, हात हवेत तरंगतायत, गालावरून घळाघळा पाणी. मी थर्मामीटर आणायला धावलो.

शेजारी शुभम बसलेला, तिचा पार्टनर. म्हणजे कामातला. राहतो विठ्ठलवाडीला, सकाळी मुलांना कीबोर्ड शिकवतो, दुपारी आमच्याकडे. मला बघून म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. आत्ताच ड्रॅगन मेला."

मी म्हटलं, "मग रडायचं कशाला? सुटलो ना!"

"काका, तो चांगला होता."

*

शुभमकडे मुठीत मावेल एवढा रेकॉर्डर असतो. चालू असला की त्यावर लाल दिवा लागतो. कुकरची शिट्टी, पाटा-वरवंटा, काही सोडत नाही. एकदा हा पठ्ठ्या आमच्या लिफ्टसमोर आडवा झोपलेला. लिफ्ट जुनी, जाळीच्या दरवाजाची. उघड-बंद, उघड-बंद, आणि कानाशी रेकॉर्डर.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी खाली उतरायला आले. "लिफ्ट बिघडली का?"

"नाही काका. किल्ल्याचा दरवाजा आहे."

संध्याकाळी नोटीस लागली: 'सबळ कारणाशिवाय लिफ्टचा दरवाजा उघडझाप करू नये.' मला घाम! पुढच्या मीटिंगला आता मी कुठल्या तोंडाने जाणार?

शुभमने नोटिशीचा फोटो काढला. म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. आवाज एक नंबर आलाय."

*

हा किस्सा मी सांगत नाही, पण बायको सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगतो.

शुक्रवारी आमच्याकडे लाईट जाते हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. मी इन्व्हर्टर घेऊन ठेवलेला. पण तोच दमला तर? परदेशातल्या एका गेम कंपनीने नुकतंच पोरांना ट्रायलचं काम दिलेलं. ते आवडलं तर पूर्ण गेम यांचा, म्हणजे तेच ते दिवाळीपर्यंतचं मोठं काम. त्यामुळे लाईट गेली तसा मी कामाला लागलो. पंखे बंद. टीव्हीचा प्लग काढला. हॉलमधला राउटर बंद. बायकोचा मिक्सर चालू इन्व्हर्टरवर! तिला चटणीसकट थांबवलं. तरी मन मानेना. पॅसेजमध्ये एक्स्टेंशनला एक पांढरी वायर दिसली. म्हटलं, ही कशाला फुकट करंट खातेय?

काढली.

आतून केतकीची किंकाळी!

धावत गेलो. दोघं काळ्या स्क्रीनकडे बघत बसलेली. मी विचारलं, "सेव्ह केलं होतंस ना?"

शुभमने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या प्लगकडे पाहिलं, आणि फार कष्टाने म्हणाला, "काका... टेन्शन... नका घेऊ."

सकाळपासूनचं काम गेलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी जेवलो नाही.

*

आकाशकंदील लागायला लागले तरी ट्रायल पास होईना. सीन असा: पहाट, समोर शत्रू, आपलं सैन्य वाट बघतंय. कंपनीचा मेल आला, 'बाकी सगळं सुंदर. पण सैन्य घाबरलेलं आहे आणि तुमचे ढोल अजिबात घाबरलेले नाहीत.'

कॉम्प्युटरमधले ढोल घड्याळासारखे वाजतात, हीच गोची. त्यात एक बटण असतं म्हणे, ह्युमनाईज. ते दाबलं की ठोके मुद्दाम मागेपुढे होतात. शुभमने ऐकलं आणि म्हणाला, "हे घाबरलेलं नाही, प्यायलेलं वाटतंय."

मग कळव्याहून त्याच्या ओळखीचा एक ढोल पथकातला गडी बोलावला. त्याने असा काही ढोल हाणला की खिडकीच्या काचा थरथरल्या! केतकी हात जोडून म्हणाली, "दादा, जरा घाबरून वाजवा ना."

तो म्हणाला, "घाबरून वाजवायचं तर ढोल कशाला घेतला असता?"

बरोबरच आहे त्याचं.

पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला. केतकी पहिल्यांदाच म्हणाली, "बाबा, जुन्या ऑफिसमध्ये फोन करून ठेवते." तिच्या आवाजात रडू होतं. नोकरीला परत जा असं मीच उठता-बसता म्हणायचो. पण ती खरंच फोन शोधायला लागली, ते मला बघवेना. मी बाहेर डायनिंग टेबलाशी जाऊन बसलो. समोर फराळाचे डबे. काय करणार? बसून राहिलो.

संध्याकाळी दोघांनी काहीतरी पाठवून दिलं. मी विचारलंही नाही.

*

उत्तर आलं नरकचतुर्दशीला, आम्ही फराळाला बसलो तेव्हा. केतकीने मेल मोठ्याने वाचला. 'संपूर्ण गेम तुम्हाला देत आहोत. मात्र एक अट. ढोल वाजवणारा तोच माणूस हवा. त्याची भीती खरी आहे. कोण आहेत हे?'

मी म्हटलं, "हो, कोण रे हा? चांगला दिसतोय."

शुभमने हेडफोन आणून माझ्या कानांवर चढवला. आयुष्यात पहिल्यांदा! आधी लांबून व्हायोलिनं आली, मग तुतारी. अंगावर काटा आला. केतकी हे करत होती इतके दिवस? आणि मग खालून, जमिनीतून यावेत तसे ढोल. टकटक, टक, टकटक. मधला ठोका जरा मागून.

"अहो, हा तर मी!"

त्या दिवशी चिवड्याच्या डब्यामागे शुभमचा रेकॉर्डर होता. चकलीच्या रिकाम्या डब्यावरची माझी बोटं त्यांनी वाढवून वाढवून हजार माणसांची केली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? माझ्या काळजीचा जन्मात कुणाला उपयोग झाला नव्हता.

बायको म्हणाली, "तीस वर्षं मी फुकट ऐकत होते!"

*

पण खरी पंचाईत पुढेच झाली. मुलीला काम मिळालं, मला गाढ झोप लागायला लागली, आणि बोटं वाजेनात!

गेममधल्या दुसऱ्या लढाईचं संगीत पाठवायची तारीख जवळ आली. पोरांनी मला टेबलाशी बसवलं, समोर डबा ठेवला. मी मन लावून वाजवलं. शुभमने कपाळाला हात लावला. "काका, हे सैन्य हळदीला चाललंय."

केतकी मला डॉक्टरकडे घेऊन गेली. परत येताना तिचं तोंड एवढंसं. बायको घाबरली. "काय गं, काय म्हणाले?"

"बीपी एकदम नॉर्मल," केतकी रडवेली होऊन म्हणाली.

शेवटी शुभमने माझे दोन्ही हात धरले. "काका, प्लीज. थोडं तरी टेन्शन घ्या!"

मग त्यांनी मला घाबरवायला सुरुवात केली. सोमवारी, इन्व्हर्टर पेटला. मंगळवारी, कंपनी बुडाली. बुधवारी, सेक्रेटरी पोलीस घेऊन आलेत. पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. आधी रेकॉर्डर शोधायचो. उशीखाली, कुंडीमागे, एकदा तर टी-कोझीत! लाल दिवा दिसला की म्हणायचो, "बाळांनो, चहा घ्या."

*

गेल्या रविवारची गोष्ट. चहा चाललेला. केतकी आणि शुभम माझ्यासमोर येऊन बसले. शुभमने शर्ट इस्त्रीचा घातलेला. केतकी म्हणाली, "बाबा, मी आणि शुभम लग्न करायचं म्हणतोय."

मी हसलो. आज मोठा डाव टाकला होता पोरांनी! बायकोकडे पाहिलं, तर ती कपात बघत होती.

"वा!" मी म्हटलं आणि शोधायला लागलो. डब्यामागे नाही. फळांच्या टोपलीत नाही. मग नजर टीव्हीकडे गेली. रेकॉर्डर तिथे उघड्यावर पडलेला. लाल दिवा बंद.

म्हटलं, दुसरा आणला असणार. मी टेबलावरचं वर्तमानपत्र दोन्ही हातांनी उचलून खाली बघायला लागलो. तेवढ्यात ऐकू आलं. टकटक, टक, टकटक.

माझे दोन्ही हात तर पेपरमध्ये होते.

मी पेपर बाजूला केला. डब्यावर शुभमची बोटं होती.