शंभरात अठरा पिवळी

माझी नोकरी लातूरला आणि शेत शिरूर अनंतपाळजवळ. शेत दादा बघतो. यंदा पेरून महिना झाला नव्हता तोच सोयाबीन पिवळं पडू लागलं. रविवारी गेलो तर दादा म्हणाला, मोजून सांग. आमच्या घरात मोजण्याचं काम माझं. पाच ठिकाणी शंभर-शंभर झाडं मोजली, शंभरात सरासरी अठरा पिवळी निघाली. मागच्या साली शेजारचं रान पिवळ्या मोझॅक रोगानं गेलेलं. पांढरी माशी तो रोग पसरवते, म्हणून रोगट झाड दिसताच उपटायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"अठरा म्हणतोस ना? मग उपटू," दादा म्हणाला.

सोमवारी मी रजा टाकली. चार बाया लावल्या. दुपारपर्यंत चौदा तासांतली, म्हणजे ओळींतली, पिवळी झाडं उपटून झाली तेव्हा वहिनी भाकरी घेऊन आली. ढिगातलं एक रोप उचलून तिनं पान उन्हाकडं धरलं.

"भाऊजी, शिरा हिरव्यागार हायत की. मोझॅक काय शिरा बघून पडतो व्हय? त्याचे डाग कुठंबी पडतेत."

पाचशे झाडं मोजली होती, पण एकही पान हातात घेतलं नव्हतं. शाळेतलं आठवलं. पान उन्हात अन्न करतं ते हिरव्या द्रव्यामुळं. ते द्रव्य बनायला लोह लागतं आणि लोह मुळांकडून शिरांच्या वाटेनं येतं. कमी पडलं की शिरेलगतचं तेवढं हिरवं राहतं. दोन शिरांमधल्या जागेची गत कालव्याच्या टोकाच्या शेतासारखी, तिथवर काही पोचतच नाही. आमची जमीन चुनखडीची, त्यात आठवडाभर पाणी साचलेलं; अशा रानात मुळांना लोह नीट घेता येत नाही.

पण वहिनीचं चुकलं तर? आणि मोझॅकच असला तर थांबून सगळं रान जाणार. बाया उभ्या, दादा माझ्याकडं बघतोय. मी रानभर फिरून पन्नास पानं खुडली. पन्नासही पानांच्या शिरा हिरव्या होत्या, आणि पिवळेपणा शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवरच; जुन्या पानांतलं लोह नव्यांना मिळत नाही. मग मी 'थांबवा' म्हणालो.

लोह मिळावं म्हणून हिराकस पाण्यात विरघळवून फवारलं. मी रोज फोन करत होतो. नवव्या दिवशी दादा म्हणाला, "शेंड्याला हिरवं यायलंय. चौदा तासं तेवढी विरळ झाली."

मोकळ्या जागी तुरीचं बी टोकायचं का, असं त्यानं विचारलं. आधी येऊन बघतो, म्हणालो. हिरव्या शेंड्यांवर माझा अजून विश्वास बसत नव्हता.