गोडदेवच्या दोन थेंबवाल्या

सुरुची पहिल्यांदा गिरिजाबाईंच्या लक्षात राहिली ती तोंड घट्ट मिटून बसल्यामुळे. पोलिओचा रविवार होता. परळहून गोडदेवला नुकतेच राहायला आलेले आईवडील तिला बूथवर घेऊन आले होते आणि ती एवढीशी पोरगी काही केल्या तोंड उघडेना. शेवटी गिरिजाबाईंनी तिच्यासमोर स्वतःच आ वासला. पोरीला हसू फुटलं आणि थेंब जिभेवर पडले. नखाला शाई लावली तेव्हा मात्र ती रडली.

गिरिजाबाई गोडदेवच्याच, पालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या सेविका. रिक्षावाल्यांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना थेंबवाली म्हणत. बाईंना ते नाव गळ्यातल्या डोरल्याइतकं जवळचं होतं.

सुरुची शिकत गेली, नावामागे डॉक्टर लागलं, मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. बाईंनी तिचे पेढे आनंदाने खाल्ले. तिथवर सगळं ठीक होतं. मग गल्लीतल्या मंडळाने तिचं भाषण ठेवलं आणि मंडळाच्या दत्तारामने नाक्यावर फलक लावला: ‘आपली थेंबवाली, डॉ. सुरुची. रविवारी सकाळी, मंडळाच्या हॉलमध्ये.’

बाई फलकाखाली उभ्याच राहिल्या. मिरची चावल्यासारखं झालं. दत्तारामला त्यांनी तिथेच गाठलं.

“काय रे, मी मेले काय?”

“तसं न्हाय ओ मावशी. ती पण थेंबच बनवते ना, लेझरवाले. नाव जरा कॅची पाहिजे.”

“मग दुसरं शोध. हे वापरात हाय.”

फलक काही उतरला नाही. रविवारी बाई ठरवून पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मागे वळून बघतात तर हॉल लेकुरवाळ्यांनी भरलेला. फलक वाचून बायका पोरांना डोस पाजायला घेऊन आल्या होत्या. एकीने तर सुरुची माइकपाशी पोचायच्या आत बाळाचे गाल दाबून त्याचं तोंड पुढे केलं. ही तोंडं बाईंची होती, त्यांनी थेंब पाजायची.

“हे पाजायचे थेंब नाहीत हो,” सुरुची गोंधळून सांगू लागली. “डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. ते शिरेतून रक्तात सोडायचे. त्यांच्यावर लेझरचा उजेड पडला की थेंबाचा बुडबुडा होतो आणि तो सोनोग्राफीत चमकतो. त्यावरून गाठ कुठे आहे ते दिसेल. थेंबात औषध भरलं तर तेही नेमकं तिथेच सोडता येईल.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बाईंनी संधी साधली.

“आतापर्यंत किती जणांना दिलेस गं?”

“कोणालाच नाही, काकू. अजून शरीराऐवजी जेलीच्या ठोकळ्यांवर तपासतोय. माणसांपर्यंत यायला वर्षं जातील.”

“मग थेंबवाली कशाची? थेंब कुणाला दिल्याबिगर नाव पडत न्हाय.”

सगळे हसले. सुरुचीही हसली, लहानपणी बूथवर हसली होती तशीच. “खरंय. दत्तारामदादा, फलक उतरवा. थेंबवाली या आहेत. माझ्या जिभेवरही यांनीच थेंब टाकलेत.”

टाळ्या बाईंसाठी झाल्या. त्याच दुपारी फलक उतरला. पण घरी जाताना बाईंचा जीव आणखीच जळत होता. उन्हातान्हात बिल्डिंगांचे जिने चढून कमावलेलं नाव त्या पोरीने, वापरलेला रुमाल परत करावा तसं, त्यांच्या हातावर ठेवलं होतं. तिला ते लागतच नव्हतं.

अजूनही सुरुची गल्लीत भेटली की बाई विचारतात, “दिलेस का कुणाला?” ती “नाही हो काकू” म्हणाली की त्यांना बरं वाटतं, आणि चार पावलं पुढे गेल्यावर त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते.

बाई आता निवृत्त आहेत. पोलिओच्या रविवारी त्या बूथवर खुर्ची टाकून बसतात. थेंब नवी सेविका पाजते. नखाला शाई लावायचं काम बाईंकडे आहे.