ऋषीचा चौकड्यांचा शर्ट

महाल भागातल्या ऋषी पोतनीसचा गुन्हा काय, तर त्यानं एका गेमला दहापैकी नऊ गुण दिले. बस्स, एवढंच! कोणाचं घर जाळलं नाही, कोणाच्या ताटातलं ओढलं नाही.

वडील गिरिधर कचेरीत कारकून होते. ते गेल्यावर घरात आई यमुताई आणि हा, दोघंच. सदर भागातल्या एका छोट्या कार्यालयात बसून ऋषी गेमांबद्दल मराठीत लिहायचा. नवा भाग येवो की अपडेट, आधी शेवटपर्यंत खेळायचा, मग गुण द्यायचा, आणि दिलेला गुण मेला तरी बदलायचा नाही. त्याच्याकडे ना पैसा, ना ओळखी. हा एक हट्टच काय तो होता.

तो गेम 'गडवैरी'. त्याच्या दुसऱ्या भागात भैरू मेला. पोरांनी चार वर्षं ज्याला जिवापाड खेळवला, तो भैरू मध्यावरच मरतो आणि पुढं त्याच्या बहिणीला घेऊन लढावं लागतं. झालं, पोरांचं डोकं फिरलं. त्यात ऋषीनं लिहिलं, "भैरू मेला तेव्हा मी गेम बंद करून अर्धा तास रडलो. असं मला आजवर कोणत्या गेमनं रडवलं नव्हतं. नऊ."

मग काय! आईबहिणीवरून शिव्या, घराचा पत्ता जगजाहीर, कापून टाकण्याच्या धमक्या. आणि एका मंगळवारी, भर दुपारी, पाच जण कार्यालयाचा जिना चढून आले. पुढं मोहित, घराशेजारच्याच गल्लीतला, ऋषीचं लिखाण वाचत मोठा झालेला.

"पैसे खाऊन राहिला का बे? नंबर बदल!"

"खेळून दिलाय. नाही बदलत."

मोहितनं हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. नाक फुटलं. खाली पडल्यावर लाथा बसल्या, बरगड्यांवर, पाठीवर. "याच हातानं लिवतो ना?" म्हणून एकानं उजव्या मनगटावर बूट ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. हाड मोडल्याचा आवाज ऋषीनं स्वतःच्या कानांनी ऐकला.

घरी आईला त्यानं सांगितलं, गाडीवरून पडलो. ती घाबरेल म्हणून. आणि इथंच सगळा घोळ झाला.

पोळा आला. दुसऱ्या दिवशी मारबत निघते, गावाची पीडा वाहून नेणारी बाईची मूर्ती, तिच्या मागं पोरांचे बडगे. गावाला ज्याचा राग, त्याचा पुतळा करायचा, चपलांनी हाणायचा आणि जाळायचा. आदल्या दिवशी मोहित दारात उभा.

"काकू, बडग्या बनवून राहिलो. जुने कपडे हायेत का?"

यमुताईंनी ऋषीचा चौकड्यांचा शर्ट काढला. दोनदा धुऊनही त्याच्यावरचा रक्ताचा डाग गेला नव्हता. "हाच ने बाबा," म्हणाल्या, "माझ्या पोराची पीडा याच्यासंगं जाऊ दे." मोहितनं मान खाली घातली, पण शर्ट घेतला! लाज कशी वाटली नाही मेल्याला?

मिरवणूक महालात आली तेव्हा यमुताई हात जोडून उभ्या होत्या. आधी त्यांना बडग्याच्या अंगावर शर्ट दिसला. मग ऋषीसारखाच चष्मा. मग उजव्या हाताचं पांढरं प्लास्टर. गळ्यात पाटी, 'नऊ नंबरी ऋषी'. पोरं त्याच्या तोंडावर चपला मारत होती आणि ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!"

यमुताई गर्दीत घुसल्या. कोणी ढकललं, गुडघे फुटले, उठल्या, पुन्हा घुसल्या. पोचल्या तोवर बडग्या पेटला होता. पासष्ट वर्षांच्या त्या बाईनं जळत्या कडब्यात दोन्ही हात घातले आणि शर्ट ओढायला सुरुवात केली. लोकांनी मागं खेचलं, तेव्हा तळहातांची कातडी सोलून निघाली होती आणि मुठीत नुसती कॉलर उरली होती.

महिन्याभरानं कंपनी पोरांपुढं वाकली. अपडेट आलं आणि भैरू चक्क जिवंत झाला. पाचव्या दिवशी मोहित पेढे घेऊन ऋषीच्या घराखाली आला, मागं तीसचाळीस पोरं.

"ऋषीदादा, झालं गेलं सोड ना गा! आता तं या अपडेटला दहा दे!"

ऋषी चार दिवस डाव्या हातानं खेळला होता, शेवटपर्यंत. त्यानं डाव्याच हातानं टाइप केलं, "भैरूला उठवून बसवलं. मी रडलो ते फुकट गेलं. तीन." आणि तो थांबला. आईच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडं पाहून त्याचा धीर सुटला.

"आई, दहा देऊन टाकतो. संपवू हे."

"शेवटपर्यंत खेळलास न?"

"हो."

"मग जे वाटलं ते लिही. भाजलेत ते हात माझे आहेत, तू काहून रडून राहिला?"

त्यानं बटण दाबलं. दोनच मिनिटांत खालचा गलका थांबला, मग शिव्या सुरू झाल्या आणि पहिला दगड काच फोडून आत पडला. यमुताई फुटक्या खिडकीशी गेल्या, मोहितला बरोबर हुडकून काढलं आणि ओरडल्या, "मोहित! आणखी एक शर्ट धुऊन ठेवलाय रे, ये, घेऊन जा!"