फेट्यावरचा पदर
काल भाचीला गॅदरिंगसाठी मिशी चिकटवताना त्या डिंकाचा उग्र वास आला आणि जळकोटच्या शाळेचं पटांगण आठवलं. आम्ही बायकांनीच लिहिलेली, बायकांच्या संसारावरची छोटी नाटकं तिथं एका संध्याकाळी होती, आणि मी पडद्याआडून वाक्यं पुरवत होते. हायवेवरून ट्रक गेला की निम्मं वाक्य त्याच्या आवाजात बुडायचं. आमच्यातली एक सून धोतर, फेटा, मिशी लावून खाटेवरून हुकूम सोडणारा म्हातारा झाली होती. तिनं तोंड उघडलं आणि समोर तिचे खरे सासरेच येऊन बसले. तिचा हात झटकन डोक्यावर गेला, पदर ओढायला. हाताला फेटा लागला. बायका खदखदून हसल्या, तिची मात्र वाचाच बसली. मी तीनदा वाक्य सांगितलं, व्यर्थ. शेवटी सासरेच उठले, खुर्ची फिरवून आमच्याकडं पाठ करून बसले आणि म्हणाले, "बोल गं पोरी, म्या बघत न्हाय." मग तिचा आवाज सुटला, "पाणी आण! किती येळा सांगायचं?" तो स्वर, मागोमागचं ते खाकरणं, सगळं हुबेहूब त्यांचंच. गाव हसलं. ती पाठ जराही हलली नाही. थोड्या वेळानं ते उठले, मांडवातल्या माठाशी गेले आणि आपल्या हातानं पेला भरून प्यायले. तहान लागली होती, की दुसरं काही? आज न राहवून तिला फोन करून विचारलंच. ती म्हणाली, "काय ठाव बाई, मामंजी कधी बोलले न्हाईत. पण तवापासनं घरातला माठ त्यांच्याच खाटंपाशी हाय."