‘साफ करा’ म्हणू नये

वसमतच्या मोंढ्याकडून बसस्टँडकडे येताना डाव्या हाताला शिवहारचं दुकान लागतं. दुकान कसलं, दोन गाळ्यांमधली बोळ बुजवून वर पत्रे टाकलेले. दारावरच्या पाटीचा रंग उन्हाने उडालाय आणि ती कुणी वाचतही नाही. पण आत, टेबलामागच्या भिंतीवर दुसरी पाटी आहे, आणि ती गिऱ्हाइकाने मोठ्याने वाचल्याशिवाय शिवहार त्याच्या कंप्युटरला हात लावत नाही. तिच्यावर लिहिलंय: ‘साफ करा म्हणू नये. काय ठेवायचं ते सांगावं.’

नवा माणूस हसतो. जुना माणूस हसत नाही, कारण त्याला रामकिशनची गोष्ट ठाऊक असते.

रामकिशनचा फोटो स्टुडिओ होता. चौदा वर्षांपूर्वी त्याचा कंप्युटर लईच मंद चालायला लागला, तेव्हा तो नांदेडहून नुकताच कोर्स करून आलेल्या शिवहारकडे घेऊन आला आणि म्हणाला, “चांगला साफ करून दे.” हळदीचा हंगाम होता. त्या दिवसांत वसमतच्या हवेतच हळद असते. कुठल्याही कंप्युटरचं झाकण काढावं तर आत नवरदेव बसल्यासारखा दिसतो, सगळ्या अंगाला पिवळं. रामकिशनला ती धूळ काढून हवी होती. पण शिवहार आठ महिने जे शिकून आला होता त्यात साफ करणं म्हणजे एकच, हार्डडिस्क फॉरमॅट करणं. त्याने इमानदारीत डिस्क कोरी केली, नवं विंडोज टाकलं, आणि पहिलंवहिलं गिऱ्हाईक म्हणून खुशीने वर चाळीस सिनेमे भरून दिले. हळद होती तिथेच राहिली.

त्या डिस्कवर सव्वीस लग्नं होती. फॉरमॅट झालेलं पुष्कळदा परत काढता येतं, पण त्याच जागेवर दुसरं काही भरलं की खेळ खलास. सव्वीस लग्नांच्या छाताडावर चाळीस सिनेमे बसले होते. रामकिशनने शिवी दिली नाही. खुर्चीवर बसला आणि एवढंच म्हणाला, “साफ म्हंजे धूळ रे बाबा. धूळ.”

गाव काय, गावाला निमित्त लागतं. शिवहारला ‘सव्वीस लग्नं मोडणारा’ असं नाव पडलं. तोही हसण्यावारी न्यायचा. पण त्या सव्वीसांतल्या एका नवरीचा बाप लग्नानंतर महिन्याभरात वारला होता, आणि त्याचे धड फोटो तेवढ्या लग्नातलेच होते. ती तीनदा दुकानात आली. “एक तरी?” असं विचारायची. तिसऱ्यांदा शिवहारने नुसती मान हलवली, तेव्हा तीच म्हणाली, “राहू द्या भाऊ, तुमी तरी काय करनार.” त्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला आजही वाटतं. त्याच आठवड्यात ती पाटी भिंतीवर चढली.

शिवहारचं घर मेंढरं राखणारं. बाप कळमनुरीच्या माळावर अजून कळपामागे हिंडतो आणि कुणी विचारलं तर सांगतो, “पोरगं बी मेंढरंच राखतंय, पर लोखंडाची.” त्यात थोडं खरंही आहे. बिघडलेली डिस्क आली की शिवहार स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या पाठीवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. बाप असाच आजारी मेंढीच्या बरगडीला कान लावायचा. एकसारखी घूं घूं आली तर फिरणं शाबूत. टक टक आली तर आतलं वाचणारं डोकं गेलं. काहीच आलं नाही तर तो गिऱ्हाइकाला आधी पाणी देतो.

आजकाल त्याचं निम्मं काम जुन्यातली डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या जातीची वेगवान डिस्क, बसवायचं. पंधरा-पंधरा वर्षांचे कंप्युटर शाळांत, दवाखान्यांत, आडतीत धापा टाकत असतात. मालक म्हणतो भंगारात टाकू, शिवहार म्हणतो थांबा. डिस्क बदलली की तोच डबा तरण्याताठ्या पोरासारखा उठतो. त्याला या कामाचा मनापासून आनंद होतो, आणि तो लपवायची त्याला सवय नाही.

मागच्या मार्गशीर्षात एका सकाळी शिरड शहापूरहून दोघी बाया एसटीने आल्या. एकीच्या काखेत गोधडीत गुंडाळलेला कंप्युटर, लेकरू आणावं तसा. ती सून, अंजली. दुसरी सासू, सत्यभामाबाई, साठी ओलांडलेली, जाड भिंगाचा चष्मा, आणि एक हात सुनेच्या खांद्यावर.

अंजलीने पाटी वाचून दाखवली. सत्यभामाबाईंनी मान डोलावली.

“काय ठिवायचं मावशी?” शिवहारने विचारलं.

“माजं लिवलेलं,” त्या म्हणाल्या. “बाकी तुमी काई बी करा.”

लिहिलेलं काय ते अंजलीने सांगितलं. गावात पूर्वी एक टायपिंगचा क्लास होता. तो बंद पडला तेव्हा तिथला कंप्युटर यांच्या घरी आला. सातवी शिकलेल्या सत्यभामाबाईंनी त्यावर एका बोटाने लिहायला सुरुवात केली. मेंढरांचे आजार, कोणत्या माळावर कोणतं गवत, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं, कानावरच्या कोणत्या खुणेचा अर्थ काय. सासऱ्याकडून ऐकलेलं आणि स्वतः तीस वर्षं कळपामागे चालून पाहिलेलं. अकरा वर्षं रोज दुपारी. आता परभणीच्या कॉलेजातल्या जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंना ते पुस्तक करायचं होतं, आणि नेमकी मशीन उठत नव्हती.

“पुन्ना लिवलं असतं मी,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “पर काचबिंदू हाये. डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई, उजवा चाललाय हळूहळू. याचं हाड मोडलं म्हनतात, खरं हाय का?”

हार्डडिस्कला त्या हाड म्हणत होत्या. शिवहारने त्यांना सुधारलं नाही.

झाकण उघडलं आणि तो बघतच राहिला. पंख्याला हळद-कुंकू. मदरबोर्डच्या कडेला हळद-कुंकू. हार्डडिस्क स्टँडमधून काढून उलटी केली तर तिच्या पोटावरच्या हिरव्या सर्किट-पट्टीवर मधोमध कुंकवाचं बोट ओढलेलं, आणि तिथून ओघळ थेट आत गेलेला.

“ही पूजा कुनी केली?”

“दसऱ्याला मीच की,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “लोक वरच्या डब्याला कुंकू लावतात. काम तर आतले करतात ना? म्हनून उघडून सगळ्याइला लावलं.”

हसावं की रडावं ते शिवहारला कळेना. पट्टी जिथे डिस्कला टेकते ते आतले तांब्याचे ठिपके ओल्या कुंकवाने खाल्ले होते, हे त्याने सांगितलं नाही. स्क्रू ड्रायव्हर डिस्कला टेकवून मूठ कानाला लावली. घूं घूं, एकसारखी. फिरणं शाबूत होतं. पण केबल जोडली तरी दुकानातल्या कंप्युटरवर डिस्कचं नाव उमटेना. म्हणजे डिस्क आत जागी होती, फक्त दार लागलं होतं.

त्याने हिरव्या पट्टीचे सहा पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू सोडवले, पट्टी उचलली आणि टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं, शाळेतलं, पांढरं. काळे पडलेले ठिपके एकेक करून तो घासायला लागला. जोर जास्त झाला तर तांबं निघून येणार, कमी झाला तर मळ तसाच. घासून झाल्यावर फुंकर न मारता त्याने ब्रशने कचरा काढला, कारण फुंकरीतही ओल असते. पट्टी बसवली, केबल जोडली. डिस्कचं नाव उमटलं.

अशी डिस्क किती वेळ टिकेल ते सांगता येत नाही, म्हणून जे ठेवायचं ते आधी. सत्यभामाबाईंच्या नावाचं फोल्डर त्याने नव्या एसएसडीवर घेतलं. बाकीचं घ्यायला लागला तशी डिस्क अडखळली आणि नाव नाहीसं झालं. पण लिहिलेलं तर आलं होतं. एसएसडी त्यांच्या कंप्युटरात बसवून त्याने मोठ्या हौसेने पहिली फाईल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. दुसरी फाईल तशीच. तिसरी तशीच.

अंजली पडद्याकडे वाकली. “सडलं काय हो सगळं?”

“काय दिसतंय?” सत्यभामाबाईंनी विचारलं. अंजलीने त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांना उत्तर कळलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला. “असू द्या लेकरा,” त्या म्हणाल्या, “तुमी तरी काय करनार.”

‘तुमी तरी काय करनार’, हेच शब्द शिवहारने याच टेबलापाशी एकदा ऐकले होते. सत्ताविसावं लग्न मोडलं आपण, असं त्याच्या मनात आलं, आणि थोडा वेळ तो नुसता त्या कचऱ्याकडे पाहत राहिला.

पण मेंढरं राखलेल्या घरचा माणूस. नुसतं बघायचं म्हटलं तरी डोळा खुणा शोधतोच. सगळी मेंढरं परक्याला सारखी दिसतात, राखणाऱ्याला दिसत नाहीत. बघता बघता त्याच्या लक्षात आलं की शब्दांमधल्या मोकळ्या जागा जिथल्या तिथे आहेत. परिच्छेद नीट तुटतात. आणि जवळपास प्रत्येक परिच्छेद त्याच चिन्हांनी सुरू होतो.

“मावशी,” तो म्हणाला, “तुमी नव्या ओळीवर गेल्या की पैला शब्द कोनता लिवता?”

“मेंढरू,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “दुसरं काय असनार?”

शिवहार खुर्चीतून उठला. ती पुन्हा पुन्हा येणारी चिन्हं म्हणजेच ‘मेंढरू’, काही सडलं नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं ते त्या क्लासच्या जुन्या फॉन्टमध्ये, ज्यात की-बोर्डची कळ इंग्रजीची आणि पडद्यावरचा चेहरा मराठीचा. तो फॉन्ट नव्या एसएसडीवर नव्हता, म्हणून चेहरे गळून कळा तेवढ्या दिसत होत्या. काय ठेवायचं ते सांगा, असं तो चौदा वर्षं प्रत्येकाला विचारत आला होता. अक्षरं ठेवायची आहेत, असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. कोण सांगेल? आणि त्यालाही ते कधी सुचलं नव्हतं.

फाईलीत नोंदलेल्या नावाचा फॉन्ट त्याने इंटरनेटवर शोधला. मिळालाही, पण लावला तर वाचता येईना, ‘क’च्या जागी ‘ढ’ आणि मात्रा भलतीकडे. क्लासवाल्याने आपल्या सोयीने कळा फिरवून घेतल्या होत्या, आणि तो क्लासवाला कुठे गेला ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. खरा फॉन्ट आता जगात एकाच ठिकाणी होता, त्या कुंकू लागलेल्या डिस्कवर.

त्याने पट्टी परत सोडवली, ठिपके परत घासले. डिस्क जोडली. नाव आलं नाही. पुन्हा सोडवली. एका ठिपक्याचं तांबं आता इतकं पातळ झालं होतं की पुढची घासणी शेवटची, हे त्याला दिसत होतं. त्याने हात पँटला पुसले.

“तकलीफ होऊन राहिली ना तुमाला?” सत्यभामाबाई म्हणाल्या. “आमच्यात मेंढी अडली की सासरे तिला म्हनायचे, घाई न्हाई माय, तुज्या तुज्या येळेनं. मंग व्हायचं बराबर.”

शिवहारने तो ठिपका अगदी हलक्या हाताने घासला. पट्टी बसवली, स्क्रू पिळले, केबल जोडली आणि डिस्कवर तळहात ठेवून पुटपुटला, “घाई न्हाई माय.” त्याला त्याची लाज वाटली नाही. नाव उमटलं. तो थेट फॉन्टच्या फोल्डरमध्ये गेला, आणि या खेपेला एकच फाईल उचलायची होती. ती आली. त्यानंतर डिस्क जी गप्प झाली ती कायमची.

फॉन्ट टाकला आणि फाईल उघडली. कंस आणि डॉलर पळाले, त्यांच्या जागी मराठी उभी राहिली, काना-मात्रेसकट, बाईंच्या बोलीत, बाईंच्या चुकांसकट. अंजली रडायला लागली आणि रडता रडताच वाचायला लागली. सत्यभामाबाईंनी तिला हाताने थांबवलं.

“मला दिसंल का?”

शिवहारने अक्षर मोठं केलं. आणखी मोठं केलं. एका ओळीत तीनच शब्द मावतील इतकं मोठं केलं, आणि खुर्ची पडद्याजवळ सरकवून दिली. सत्यभामाबाईंनी मान थोडी तिरकी करून उजवा डोळा पुढे नेला. एकेक शब्द जसा सरकेल तसा त्या वाचत गेल्या.

“मेंढरू आजारी पडायच्या आदी कळपात मागं मागं ऱ्हातं. म्हनून मोजताना पुडून मोजू नये. मागून मोजावं.”

वाचून झाल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, “साफ दिसून राहिलं.”

अंजलीने गडबडीने डोळे पुसले. “आत्याबाई, इथं तो शब्द बोलायचा न्हाई. पाटी हाये.”

“व्हय का? काहून?”

“बोला मावशी,” शिवहार म्हणाला. “अजून एकदा बोला.”