काकांची बोटं

अंधेरीच्या हॉटेलात मी कोल्ड किचनला, म्हणजे सॅलड-फळांच्या विभागात, लागले, तेव्हा नाताळच्या टेबलावरची बर्फाची शिल्पं एकटे काका करायचे; सगळेच त्यांना काका म्हणायचे. मूळचे मालवणकडचे. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. मी घाटकोपरहून यायचे. बाई बर्फाची लादी कोरणार म्हटल्यावर बाकीचे हसले. काकांनी मात्र हातात छिन्नी दिली. "ठोकू नको गो. सोलल्यासारखी चालव."

तीन नाताळ आम्ही एकत्र केले. तिसऱ्या वर्षी त्यांची बोटं सारखी पांढरी पडायला लागली. चहाचा ग्लास ते दोन्ही तळव्यांत धरायचे. विचारलं की म्हणायचे, "थंडीचं काम आहे, चालायचंच."

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही हरीण कोरत होतो. मी शिंगं, काका खूर. खाली वाकले तर हरणाच्या पायाशी गुलाबी पाणी. छिन्नीने काकांचा डावा तळहात चिरला होता आणि ते शांतपणे काम करत होते.

"काका, हात!"

त्यांनी तळहात वर करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"कोणाला बोलू नको," म्हणाले. मी हो म्हटलं. पट्टी बांधली, बर्फावरचा डाग खरवडून काढला. हरीण टेबलावर गेलं, पाहुण्यांनी फोटो काढले.

जानेवारीत मी शेफना सगळं सांगितलं. पुढच्या वेळी बोटच जाईल ही भीती खरी होती. पण त्यांच्या जागी मीच येणार, हेही मला माहीत होतं.

काकांना स्टोअरमध्ये बसवलं. पॅसेजमध्ये गाठ पडली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माका आधी सांगायचंस ना गो." वर्षाच्या आत त्यांनी नोकरी सोडली.

गेल्या डिसेंबरात धीर करून मुलुंडला त्यांच्या घरी गेले. काकू त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. मला बघून काका अवघडले. मी उगाच चपला नीट लावत दारातच रेंगाळले.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "यंदा काय काढतेस?"

"हंस."

"गळा शेवटी काढ. घाई केलीस की तुटतो."

"बरं," म्हटलं.

खरं तर हॉटेल आता साच्यातले तयार हंस मागवतं आणि मी फळं कापते. हे त्यांना सांगायचं ठरवूनच गेले होते. नाही सांगितलं.