गुलाबबागेतली माफी

माझ्या मुलीच्या तोंडून ‘सॉरी’ निघत नाही, आणि ही काळजी मला आजही झोपू देत नाही. आमच्या इंग्लंडात हे व्यंगच समजायचं. इथे बसमध्ये कोणी आपल्या पायावर पाय दिला, तर सॉरी आपणच म्हणतो. माझा नवरा केन फर्निचरला धडकला तरी म्हणतो. माझी आई मरणाच्या आदल्या दिवशी नर्सला म्हणाली होती, उशी सरकवायला लावली म्हणून. ब्रायनी मात्र लहानपणापासून वेगळी. शाळेत असताना ती शेजारच्या मुलाला कडकडून चावली. तो गोगलगायींवर मीठ टाकून मजा बघत होता. मी तिला माफी मागायला दारात उभं केलं, तर म्हणाली, “मला वाईट वाटलेलंच नाही, तर कसं म्हणू? खोटं बोलू?” मुलाची आई हसली. मला हसू आलं नाही. या मुलीचं पुढे कसं व्हायचं, हे तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढे ती व्हिटमूर पार्कात हरणांची राखणदार झाली. मी इतिहास शिकले होते. हे पार्क मला माहीत होतं ते शिकारवेड्या राजांमुळे, आणि त्यांच्यापैकी एकाच्या राणीने लावलेल्या गुलाबबागेमुळे. ब्रायनीला राजांशी देणंघेणं नाही. तिथली मुख्य राखण करणारा पर्सी गॅड हा म्हातारा, आणि त्याच्या हाताखाली ही. उत्तर फाटकाजवळच्या पार्कच्याच घरात ती राहते. दोन खोल्या, एक चूल, दारात चिखलाचे बूट. नोकरी आहे तोवर घर आहे. खिशात चपटं झालेलं चीज-लोणच्याचं सँडविच घेऊन ती दिवसभर नेच्यांच्या रानातून हिंडते. घरी आली की अंगाला ओल्या लोकरीसारखा वास येतो. केन म्हणतो, “हिला जेवायला बसवायचं की गोठ्यात बांधायचं?” ती म्हणते, “डॅड, गोठ्यात निदान टीव्ही नसेल.”

थंडीत ती बंदूकही चालवते. पार्कला भिंत आहे, गवत तेवढंच, आणि हरणं दरवर्षी वाढतात; काही मारावीच लागतात. पहिल्या हिवाळ्यानंतर मी तिला भीतभीतच विचारलं, “तुला काही वाटत नाही?” बूट पुसता पुसता ती मग म्हणाली, “मम, राजेलोकांनी लांडगे कधीच संपवले. आता लांडगा मी आहे. वाटतं, पण कोणीतरी नीट केलं पाहिजे.” त्या हरणांचं मांस पार्कच्या चहाघरात पाईत, म्हणजे भाजलेल्या पिठाच्या पारीत, घालून विकतात. लोक खिडकीशी बसून ती पाई खातात आणि बाहेरच्या हरणांकडे बघून “किती गोड” म्हणतात.

जूनमध्ये हरिणी वितात. पाडसाला नेच्यांत दडवून आई लांब चरायला जाते, अधूनमधून येऊन पाजते, परत जाते. पाडस दगडासारखं निपचित पडून राहतं, हालत नाही, ओरडत नाही. तेच त्याचं रक्षण. फाटकाफाटकावर पाट्या आहेत: पाडसाला हात लावू नका, ते अनाथ नाही. पण आमच्या लोकांना एकटा जीव दिसला की तो अनाथच वाटतो. माणसाच्या पोराला बसस्टॉपवर एकटं बघून तोंड फिरवतील, पण हरणाचं पोर दिसलं की सगळ्यांच्या अंगात दाई संचारते.

तर यंदा अशाच एका बाईंनी एक पाडस उचललं. बरोबर दोन मुली, बाबागाडीतलं बाळ आणि नवरा. बाळाला कडेवर घेतलं, पाडसाला शाल गुंडाळून बाबागाडीत ठेवलं आणि मिरवत चहाघरात आणलं. बशीत साखर घातलेलं दूध दिलं. चहाघरातल्या सगळ्या मुलांनी त्याला कुरवाळून घेतलं, फोटो काढून घेतले. कोणीतरी शहाण्याने ब्रायनीला बोलावलं. तिने पहिला प्रश्न विचारला, “कुठे सापडलं?”

“त्या बाजूला,” बाई म्हणाल्या. “एका झाडाखाली.”

“कुठल्या झाडाखाली?”

“अहो, हिरव्या झाडाखाली. मी काय झाडांची नावं पाठ करून आले? बिचारं एकटं होतं. आईने टाकलं होतं त्याला.”

“त्याची आई कामावर गेली होती,” ब्रायनी म्हणाली. “तुम्ही याला वाचवलं नाहीत बाई, चोरलंत. तुमची ही बाबागाडी मी बाळासकट ढकलत नेली असती तर चाललं असतं?”

धाकटी मुलगी रडायला लागली. नवऱ्याने फोन वर धरलेलाच होता. संध्याकाळपर्यंत ते चित्रण जगभर फिरलं, पण त्यात पाडस नाही, बशी नाही. फक्त माझी मुलगी लालबुंद चेहऱ्याने म्हणतेय, “चोरलंत,” आणि एक लहान मुलगी रडतेय. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी वाचलं. वाचू नये हे कळत असूनही वाचलं. एकाने तिचा बंदूक घेतलेला जुना फोटो शोधून लावला होता. खाली लिहिलं होतं, खुनी बाई आम्हाला दया शिकवते.

पार्कचे व्यवस्थापक मिस्टर एन्स्ली यांनी तिला बोलावून सांगितलं की कॅमेऱ्यासमोर छोटीशी माफी मागावी, प्रकरण मिटेल. नाहीतर नोकरीचा विचार करावा लागेल. नोकरी म्हणजे घर आलंच. ब्रायनीने मला फोन केला. ती असल्या गोष्टी मला कधी विचारत नाही.

“मम, तू सांग. मागू?”

मी म्हटलं, “मागून टाक गं. दोन शब्द तर आहेत. जीभ झिजत नाही.”

ती मग म्हणाली, “बरं. मागते. तू काळजी करू नकोस.”

फोन ठेवल्यावर मी केनला म्हटलं, शहाणी झाली. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, “की दमली?” मला राग आला त्याचा.

आज रविवार, म्हणून तिला न सांगता मी पार्कात गेले. बरोबर तिच्या आवडीचा आल्याचा केक होता. ती रानात होती. मी तिकीट काढून गुलाबबागेत बसले. गुलाब ऐन भरात होते, आणि त्यांच्यामध्ये मिस्टर एन्स्ली दोन माणसांना घेऊन हातवारे करत होते. मी कोण हे कळल्यावर ते फार अदबीने बोलले. अशी माणसं अदबीनेच बोलतात.

“मिसेस प्रॉसर, उद्या सकाळी इथेच उभी करणार आहोत तिला. मागे गुलाब. मजकूर आम्हीच तयार केलाय, तिला फक्त वाचायचंय. पाहुण्यांनी दयाबुद्धीने केलं, पाडस सुखरूप आईजवळ पोचलं, माझा आवाज चढला त्याबद्दल क्षमस्व. शेवटी एखादं दुसरं पाडस दाखवता आलं तर बघतोय. लोकांना बरं वाटेल.”

“दुसरं का?” मी विचारलं. “तेच दाखवा ना.”

ते गुलाबाकडे बघून म्हणाले, “सॉरी, मला जरा निघायला हवं.”

मग मी फाटकापर्यंत चालत गेले आणि पर्सी गॅडला गाठलं. तो कुंपणाची तार ओढत होता.

“ते पाडस कुठे आहे?”

“तिने सांगितलं नाही तुम्हाला?” त्याने पक्कड खाली ठेवली. “मेलं ते, मिसेस प्रॉसर. जागाच माहीत नाही तर ठेवणार कुठे? इकडे ठेवून बघितलं, तिकडे ठेवून बघितलं. कुठलीच मादी आली नाही. त्यात ते गोड दूध पोटात. तुमची पोरगी त्याच्याजवळ नेच्यांत पडून राहिली. नंतर स्वतःच पुरलं. वरून हुकूम आहे, बोलायचं नाही. त्या लहान मुलींना धक्का बसेल म्हणे.”

“आणि ती उद्या वाचणार, की ते सुखरूप आहे?”

“मी तिला म्हटलं, वाचू नकोस. पुढच्या आठवड्यात दहा बाबागाड्या भरून पाडसं येतील चहाघरात. तर म्हणते, ममला शब्द दिलाय. हरणांशी फार नीट वागते तुमची पोरगी. माणसांशी वागायचा तिला पगार मिळत नाही, हे त्या एन्स्लीला कोण सांगणार?”

मी केक त्याच्याकडे दिला आणि घरी आले. आता रात्र झाली, मी स्वयंपाकघरात बसले आहे. त्या बाईंचा राग आहेच. दया करायची हौस मोठी, पण झाड कुठलं ते बघायची तसदी नाही. एन्स्लींचा राग त्याहून मोठा आहे; मेलेल्या जिवाच्या जागी दुसरा उभा करून गुलाब लावतात. त्या लहान मुलींचं म्हणाल, तर त्यांना खरं सांगायला हवं. त्या रडतील, आणि पुढच्या वेळी आईचा हात धरून म्हणतील, मम्मी, राहू दे. एवढं तर मुलांना कळतं. आपणच त्यांना कळू देत नाही.

आणि ब्रायनीचाही राग आहे. ते मेलं हे मला सांगितलं का नाही? मी काळजी करीन म्हणून. जन्मात पहिल्यांदा ती मनात नसलेलं बोलायला तयार झाली आहे, आणि तेही माझी झोप शाबूत राहावी म्हणून. मला असली झोप नको आहे. घर गेलं तर जाऊ दे. वरची खोली आहे, केन तिथलं इस्त्रीचं टेबल उचलेल. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, तो घोरतोय. कबूल करते, मला भीतीही वाटते. अशी नोकरी दुसरीकडे सहज मिळत नाही, आणि त्या पार्काबाहेर माझी मुलगी काय करेल, मला ठाऊक नाही.

पण ते ‘सुखरूप’चं वाक्य तिने वाचायचं नाही. जूनमध्ये ती उजाडायच्या आत उठून किटली ठेवते, एन्स्लींची माणसं यायच्या कितीतरी आधी. तिने बूट घालण्यापूर्वी मी फोन करणार आहे.